डायन नॅश, फिस्क विद्यापीठ आणि महाविद्यालयाच्या आर्थिक नाड्या

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीची मराठी वाचकाला होणारी ओळख बहुतेक वेळा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापासून सुरू होते आणि त्यांच्यापाशीच थांबते. त्यामुळे एक गोष्ट नजरेआड राहते. १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत दक्षिणेतल्या शहरांमध्ये वर्णभेदाविरुद्ध जे काही प्रत्यक्ष घडले, त्यातले बरेचसे विशीतल्या विद्यार्थ्यांनी घडवले, आणि हे विद्यार्थी मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत शिकत होते. या महाविद्यालयांनी त्यांना काय दिले, काय दिले नाही आणि कोणत्या क्षणी त्यांचा हात सोडला, हे समजून घ्यायचे असेल तर टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातील फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थिनी डायन नॅश यांचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न थोडा रुक्ष आहे: विद्यार्थी-नेत्याला किती मोकळीक मिळते हे ठरवण्यात त्याच्या महाविद्यालयाचा खर्च कोण उचलतो याचा वाटा किती असतो?

आधी या संस्थांविषयी. अमेरिकेच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये आणि विद्यापीठे’ असा एक वर्ग केला आहे. १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांना शिक्षण देणे हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट होते, अशा मान्यताप्राप्त संस्था या वर्गात मोडतात. आज त्या सुमारे १०० आहेत. तेथे इतर वर्णांचे विद्यार्थीही शिकतात; प्रवेशाला वर्णाची अट नाही. गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारे, विशेषतः दक्षिणेत, कायद्याने किंवा रिवाजाने बंद असल्यामुळे या संस्था निर्माण झाल्या. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि चाळीस लाखांच्या आसपास माणसे मुक्त झाली, तेव्हा त्यांच्यासाठी शाळा आणि शिक्षक दोन्ही शून्यातून उभे करावे लागले.

हे काम दोन वाटांनी झाले, आणि या दोन वाटांमधला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. पहिली वाट ख्रिस्ती मिशनरी संस्थांची आणि देणगीदारांची होती. फिस्क विद्यापीठ याच वाटेने आले. उत्तरेतल्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या पुढाकाराने ते जानेवारी १८६६ मध्ये युद्धकाळातल्या लष्करी रुग्णालयाच्या बराकींत सुरू झाले. पैशांची चणचण इतकी होती, की १८७१ मध्ये विद्यार्थ्यांचा एक गायकवृंद गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीते गात निधी गोळा करायला बाहेर पडला. ‘ज्युबिली सिंगर्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या वृंदाने अमेरिका आणि युरोपचे दौरे करून जमवलेल्या पैशांतून १८७६ मध्ये ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य इमारत पूर्ण झाली, आणि ती आजही उभी आहे. दुसरी वाट सरकारी होती. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे पर्याय ठेवला: शेती आणि तंत्रशिक्षणासाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर आपल्या महाविद्यालयात वर्णभेद न करता प्रवेश द्या, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरा पर्याय घेतला आणि वेगळी महाविद्यालये काढून ती कायम अर्धपोटी ठेवली. नॅशव्हिलमध्ये १९१२ साली सुरू झालेली टेनेसी ए अँड आय ही संस्था, म्हणजे आजचे टेनेसी स्टेट विद्यापीठ, या दुसऱ्या वाटेची.

म्हणजे खासगी महाविद्यालय देणगीदारांवर अवलंबून होते आणि सरकारी महाविद्यालय गोऱ्या विधिमंडळावर. पहिले स्वतंत्र आणि दुसरे परतंत्र अशी सोपी विभागणी मात्र करता येत नाही, आणि हे फिस्कच्याच इतिहासावरून दिसते. १९२० च्या दशकात फिस्कचे अध्यक्ष फेएट मॅकेन्झी हे गोरे गृहस्थ होते. मोठ्या प्रतिष्ठानांकडून दहा लाख डॉलरचा कायमनिधी मिळवण्याच्या खटपटीत असताना त्यांनी विद्यार्थी परिषद मोडीत काढली, विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद केले, आणि कपडे कसे घालावेत, मुलामुलींनी कधी आणि कुठे बोलावे याचे कडक नियम केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी ‘शिस्तीत’ आहेत हे पाहून देणगीदार आश्वस्त होतील, असा त्यामागचा हिशेब. फिस्कचेच १८८८ चे पदवीधर, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९२४ मध्ये विद्यापीठात येऊन या कारभारावर जाहीर टीका केली. १९२५ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी बंड केले, अध्यक्षांनी परिसरात पोलीस बोलावले, विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, आणि एप्रिलमध्ये मॅकेन्झींना पायउतार व्हावे लागले. पस्तीस वर्षांनी याच परिसरातून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांना हा प्रसंग कितपत ठाऊक होता हे सांगणे कठीण आहे. परंतु विद्यार्थ्यांशी कसे वागू नये याचा धडा संस्थेच्या स्मरणात असणारच.

१९५९ चे नॅशव्हिल स्वतःला दक्षिणेतले सुसंस्कृत शहर समजत असे. ‘दक्षिणेचे अथेन्स’ हे त्याचे बिरुद होते, आणि त्यासाठी शहराने पार्थेनॉन या ग्रीक मंदिराची पूर्ण आकाराची प्रतिकृतीही बांधून ठेवली होती. या अथेन्समध्ये कृष्णवर्णीय स्त्री मोठ्या दुकानातून कापड, भांडी, खेळणी विकत घेऊ शकत असे, गल्ल्यावर तिचे पैसे घेतले जात; पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर, म्हणजे सँडविच-कॉफी मिळण्याच्या जागी, बसून तिला काही खाता येत नसे. लहान मूल घेऊन दिवसभर खरेदीसाठी फिरणाऱ्या बाईला या नियमाचा जाच किती होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. हाच प्रश्न आधी हाती घ्यावा हे शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बोलण्यातून पुढे आले, आणि तो निवडण्यात मोठे शहाणपण होते. पैसे घ्यायचे पण बसू द्यायचे नाही, ही विसंगती कोणालाही पटकन समजत होती.

याच शहरात कृष्णवर्णीयांच्या चार उच्च शिक्षणसंस्था होत्या: फिस्क, टेनेसी ए अँड आय, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकन बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरी. त्या काळात अमेरिकेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय डॉक्टर मेहॅरी आणि वॉशिंग्टनचे हॉवर्ड या दोनच ठिकाणांहून बाहेर पडत होते. सेमिनरीत गरीब घरांतली, धर्मोपदेशक होऊ इच्छिणारी मुले होती. पुढे खासदार झालेले जॉन लुइस त्यांतले एक, अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकलेल्या, आपापसात ओळखी असलेल्या, पोटापाण्यासाठी अजून कोणा गोऱ्या मालकावर थेट अवलंबून नसलेल्या तरुणांची अशी गर्दी एका शहरात होणे हे वर्णभेदाचेच फलित होते. ज्या व्यवस्थेने त्यांना वेगळे बसवले, तिनेच त्यांना एकत्र आणले. शिवाय या संस्थांभोवती मध्यमवर्गाचे एक कडे होते: वकील, डॉक्टर, प्राध्यापक, चर्चचे धर्मगुरू. विद्यार्थी तुरुंगात गेले तर न्यायालयात उभे राहणारा वकील आणि सभेसाठी जागा देणारे चर्च हाताशी होते. शेकडो मुलांना तुरुंगात पाठवू पाहणाऱ्या चळवळीला याची गरज वक्तृत्वापेक्षा अधिक असते.

डायन नॅश यांचा जन्म १५ मे १९३८ चा, शिकागोचा. कॅथलिक वळणाच्या घरात त्या वाढल्या. शिकागोतही भेदभाव होता, परंतु भिंतीवर लिहिलेला नव्हता. त्या आधी हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या आणि १९५९ मध्ये फिस्कला आल्या. टेनेसीच्या राज्य जत्रेत प्रसाधनगृहावर ‘कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी’ अशी पाटी त्यांनी पाहिली, आणि ज्या गोष्टीविषयी आजवर ऐकले होते ती अंगावर आली. याविरुद्ध कोणी काही करते आहे का, असे त्यांनी सहाध्यायांना विचारले, तेव्हा बहुतेकांना त्या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. दक्षिणेत वाढलेल्या मुलांनी लहानपणापासून या पाट्यांना वळसा घालून चालायची सवय केली होती, आणि पदवी घेऊन चांगली नोकरी मिळवणे हेच घरच्यांनी त्यांना नेमून दिलेले काम होते. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरातले पहिलेच मूल महाविद्यालयात गेले आहे, त्या घराचे सारे भवितव्य त्या पदवीवर टांगलेले असते. अखेरीस नॅश यांना कोणीतरी फिस्कजवळच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये चालणाऱ्या कार्यशाळांविषयी सांगितले.

या कार्यशाळा जेम्स लॉसन घेत असत, आणि त्यांच्यामुळे या कथेचा एक धागा थेट नागपूरला पोहोचतो. १९२८ मध्ये जन्मलेल्या लॉसन यांनी कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करी भरतीला नकार दिला होता आणि त्यासाठी वर्षभराहून अधिक तुरुंगवास भोगला होता. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तेथे खेळांचे प्रशिक्षक म्हणून काम करत त्यांनी तीन वर्षे गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. अमेरिकेत परतल्यावर १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन येथे त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पूर्ण करून मग दक्षिणेत येण्याचा लॉसन यांचा विचार होता. थांबू नका, आताच या, असे किंग यांनी सांगितले, आणि ते नॅशव्हिलला येऊन व्हँडरबिल्ट या गोऱ्यांच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

गांधीविचार अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपर्यंत एकट्या लॉसन यांच्यामार्फत पोहोचला असे मात्र नाही. हॉवर्ड विद्यापीठातले धर्मशास्त्राचे अधिष्ठाते बेंजामिन मेझ यांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला गांधीजींची भेट घेतली होती. पुढे ते अटलांटातल्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले, आणि किंग त्यांचे विद्यार्थी. म्हणजे या महाविद्यालयांच्या प्रार्थनागृहांतून हा विचार दोन दशके बोलला जात होता. लॉसन यांनी त्याचा सराव करून घेतला, ही त्यांची खरी कामगिरी.

सराव हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा आहे. कार्यशाळेत काही विद्यार्थी ठिय्या देणारे होत आणि काही हल्लेखोर. हल्लेखोर शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. बसलेल्याने हात उचलायचा नाही, उलट उत्तर द्यायचे नाही, आणि मार पडू लागला तर डोके व पोट कसे वाचवायचे हे शिकायचे. नॅश सुरुवातीला साशंक होत्या. अहिंसेने हे साधेल असे त्यांना वाटत नव्हते, परंतु शहरात दुसरे कोणी काहीच करत नसल्यामुळे त्या येत राहिल्या, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मला हा प्रामाणिकपणा भावतो. चळवळीत येणारा प्रत्येक माणूस आधी तत्त्वज्ञान पटवून घेऊन येतो, हा समज त्यातून गळून पडतो.

१९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोट्या गटांनी दोन मोठ्या दुकानांत जाऊन चाचणी घेतली: बसायचे, मागणी करायची, नकार मिळाला की कारण विचारून शांतपणे निघून यायचे. पुढची तयारी चालू असतानाच १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो येथे तेथल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयातले, ए अँड टीचे, चार विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या लंच काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर बातमी झाली. १३ फेब्रुवारीला नॅशव्हिलमध्ये सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी बर्फातून चालत तीन दुकानांत जाऊन बसले. त्यांना लेखी नियम दिलेले होते, जे लुइस आणि बर्नार्ड लाफायेट यांनी तयार केले होते: उलटून मारू नका, हसू नका, सरळ आणि काउंटरकडे तोंड करून बसा, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, आणि येशू, महात्मा गांधी व मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण लक्षात ठेवा. मुले कोट-टाय घालून येत, मुली नीटनेटक्या कपड्यांत, आणि वाट पाहताना काउंटरवरच अभ्यासाची पुस्तके उघडून बसत. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी त्यांना मारहाण केली. पोलिसांनी हल्लेखोरांना हात लावला नाही आणि ८१ विद्यार्थ्यांना अटक केली. एक तुकडी उचलून नेली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसत होती.

न्यायालयाने प्रत्येकी ५० डॉलर आणि खर्च असा दंड ठोठावला. नॅश यांनी काही सहकाऱ्यांच्या वतीने उभे राहून न्यायाधीशांना सांगितले की, हा दंड भरणे म्हणजे अटक आणि शिक्षेतल्या अन्यायाला हातभार लावणे होईल, म्हणून आम्ही तुरुंगात जाणे पसंत करतो. यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दंड भरला असता तर महापालिकेला उत्पन्न झाले असते आणि कृष्णवर्णीय वस्तीचा पैसा संपला असता. तुरुंग भरला, तर खर्च महापालिकेचा.

विद्यार्थ्यांची एक मध्यवर्ती समिती होती, आणि तिच्या अध्यक्षपदी नॅश यांची निवड झाली होती. आपल्याकडे विद्यार्थी-नेता म्हटले की फलक, घोषणा आणि मागे उभा असलेला पक्ष डोळ्यांपुढे येतो. नॅशव्हिलचे नेतृत्व मुद्दाम तसे ठेवलेले नव्हते. चारही संस्थांचे प्रतिनिधी समितीत होते, निर्णय तासन्‌तास चर्चा करून सहमतीने होत, आणि नेत्याला अटक झाली तर काम अडू नये म्हणून जबाबदारी वाटलेली असे. अशा रचनेत भाषण ठोकणाऱ्यापेक्षा दिलेल्या वेळेला हजर राहणारा, ठरलेले काम पार पाडणारा आणि संकटात डोके शांत ठेवणारा माणूस पुढे येतो. चर्चच्या वर्तुळात पुरुष धर्मगुरूंचे वजन असलेल्या त्या काळात एकवीस वर्षांची विद्यार्थिनी अध्यक्ष झाली, याचे श्रेय मी त्यांच्या गुणांइतकेच या रचनेला देतो. स्वतः नॅश यांनी त्या दिवसांविषयी बोलताना भीतीचा उल्लेख टाळलेला नाही. ठिय्याच्या आधी वर्गात बसलेले असताना तळहातांना घाम सुटत असे. सत्ता आणि पैसा असलेल्या वयस्क गोऱ्या पुरुषांसमोर आपण कोण, हा विचार डोक्यात घोळत असे, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे.

आता पुन्हा आर्थिक नाड्यांकडे. फिस्कचे तेव्हाचे अध्यक्ष स्टीफन राइट यांनी विद्यार्थ्यांना जाहीर पाठिंबा दिला. ते कृष्णवर्णीय होते, संस्था खासगी होती, तिचे देणगीदार प्रामुख्याने उत्तरेतले होते. टेनेसीचे विधिमंडळ त्यांचे अनुदान तोडू शकत नव्हते. व्हँडरबिल्ट श्रीमंत होते, परंतु त्याचे विश्वस्त नॅशव्हिलच्या गोऱ्या व्यापारी-उद्योजकांच्या वर्तुळातले होते, आणि मार्च १९६० मध्ये त्यांनी लॉसन यांना काढून टाकले. सरकारी महाविद्यालयांची गत सर्वांत अवघड होती. शेजारच्या अलाबामात माँटगोमेरीच्या अलाबामा स्टेट महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात जेवण मागितले, तेव्हा राज्यपालांनी दबाव आणला आणि नऊ विद्यार्थ्यांना कोणतीही सुनावणी न देता काढण्यात आले. तेथले अध्यक्ष कृष्णवर्णीयच होते आणि संस्थेसाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. पण त्यांचे पगारपत्रक आणि इमारतींचा निधी जे मंजूर करत त्यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. अशा अध्यक्षांना विद्यार्थ्यांनी तेव्हा दुबळे ठरवले, आणि काही इतिहासकार आजही ठरवतात. मला तो निवाडा घाईचा वाटतो. महाविद्यालय बंद पडले असते तर त्या राज्यातल्या हजारो मुलांना शिकायला दुसरी जागा नव्हती, आणि हे ओझे त्या माणसाच्या खांद्यावर होते.

या हकालपट्टीतून एक गोष्ट मात्र कायमची मिळाली. अलाबामाच्या विद्यार्थ्यांनी दाद मागितली आणि ऑगस्ट १९६१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याला आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही. तोपर्यंत महाविद्यालय म्हणजे पालक, आणि पालकाने घराबाहेर काढले तर तक्रार कोणाकडे करणार, अशी समजूत होती. आज अमेरिकेतल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठात, कोणत्याही वर्णाच्या विद्यार्थ्याला हे जे संरक्षण आहे, त्याचे मूळ या खटल्यात आहे.

नॅशव्हिलमध्ये दरम्यान कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या ऐन खरेदीच्या हंगामात शहराच्या बाजारपेठेवर बहिष्कार टाकला, आणि गोरे गिऱ्हाईकही गोंधळाच्या भीतीने फिरकेना. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकण्यात आले. लूबी पतिपत्नी वाचले. स्फोट इतका मोठा होता, की समोरच्या मेहॅरी महाविद्यालयाच्या शंभराहून अधिक खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत नगरभवनावर गेले. तेथे पायऱ्यांवर सी. टी. व्हिव्हियन या तरुण धर्मगुरूंनी महापौर बेन वेस्ट यांच्यावर कडक शब्दांत टीका केली आणि महापौर चिडले. मग नॅश पुढे झाल्या. त्यांनी आरोप केला नाही. निव्वळ वर्णावरून माणसाशी भेदभाव करणे चूक आहे असे तुम्हाला माणूस म्हणून वाटते का, एवढेच विचारले. वेस्ट यांनी मान्य केले की एखाद्याला वस्तू विकायच्या आणि जेवण नाकारायचे हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे असे आपण म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला. दुकानदारांना माघार घ्यायची होतीच, फक्त जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकायची होती, आणि महापौरांच्या उत्तराने ती सोय झाली. १० मे १९६० रोजी सहा दुकानांनी आपले लंच काउंटर खुले केले. त्यासाठी ठरवलेली पद्धत गमतीदार वाटावी इतकी काळजीपूर्वक होती: आधी ठरवलेल्या वेळी मोजके कृष्णवर्णीय ग्राहक यायचे, वर्तमानपत्रांना पूर्वसूचना द्यायची नाही, आणि कोणी विजयाचा डांगोरा पिटायचा नाही. चित्रपटगृहे, उपाहारगृहे, हॉटेले यांच्यासाठी मात्र पुढची काही वर्षे भांडावे लागले.

त्याच एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शॉ विद्यापीठात, म्हणजे आणखी एका कृष्णवर्णीय महाविद्यालयात, दक्षिणेतल्या विद्यार्थ्यांची परिषद भरली. ती बोलावणाऱ्या एला बेकर शॉच्याच पदवीधर होत्या, आणि विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या संघटनेची शाखा न होता स्वतंत्र राहावे असा त्यांचा आग्रह होता. त्यातून विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती जन्मली. तिचे पहिले अध्यक्ष मॅरियन बॅरी हे फिस्कमध्ये रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते.

नॅश यांच्यासाठी या टप्प्यावर शिक्षण आणि चळवळ एकत्र चालवणे अशक्य झाले. फेब्रुवारी १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिल येथे ठिय्या दिलेल्या विद्यार्थ्यांनी जामीन नाकारला, तेव्हा त्यांच्या सोबतीला म्हणून नॅश आणि आणखी तिघे मुद्दाम तेथे गेले, अटक करवून घेतली आणि ३० दिवस तुरुंगात राहिले. परतल्यावर वर्गातले धडे त्यांना पोकळ वाटू लागले आणि त्यांनी फिस्क सोडले. मे महिन्यात आंतरराज्य बसमधला वर्णभेद मोडण्यासाठी निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’ची बस अलाबामात ॲनिस्टनजवळ जाळण्यात आली, बर्मिंगहॅममध्ये प्रवाशांना बेदम मारहाण झाली, आणि मूळ संयोजकांनी प्रवास थांबवला. नॅशव्हिलच्या समितीने ठरवले की हिंसाचार करून चळवळ थांबवता येते हा संदेश जाता कामा नये. समन्वयाची जबाबदारी नॅश यांच्यावर सोपवण्यात आली. कोण कुठल्या बसने निघाले, कोण कोणत्या तुरुंगात आहे, वर्तमानपत्रांना आणि केंद्र सरकारला काय कळवायचे, मेल्यास कोणाच्या घरी निरोप द्यायचा, हे सारे एका दूरध्वनीवर चालत होते. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक जॉन सायगेन्थॉलर यांनी त्यांना दूरध्वनी करून मुले मारली जातील असे बजावले, तेव्हा आम्ही सर्वांनी काल रात्रीच मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले. उन्हाळा संपेपर्यंत मिसिसिपीत ३०० हून अधिक जणांना अटक झाली, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून आंतरराज्य बस आणि बसस्थानकांवरच्या वर्णभेदाच्या पाट्या काढण्याचा आदेश अमलात आला.

नॅश यांनी पुढेही चळवळीचे काम सोडले नाही. १९६२ मध्ये, पोटात मूल असताना, मिसिसिपीत अल्पवयीन मुलांना अहिंसा शिकवल्याच्या खटल्यात अपील न करता तुरुंगात जायची तयारी त्यांनी दाखवली. २०२२ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. लॉसन यांना काढणाऱ्या व्हँडरबिल्टने त्यांना २००६ मध्ये सन्मानाने अध्यापनासाठी परत बोलावले. २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी, ते निवर्तले.

या महाविद्यालयांत आजही विद्यार्थी-नेतृत्वाचे वळण वेगळे दिसते. १९६३ मध्ये ग्रीन्सबरोतल्या निदर्शनांचे पुढारपण करणारे जेसी जॅक्सन ए अँड टीच्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. १९८९ मध्ये हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या प्रमुखांना विश्वस्त मंडळावर घेण्याविरुद्ध प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली, आणि त्या पक्षप्रमुखांना मंडळातून बाहेर पडावे लागले. २०२१ मध्ये त्याच हॉवर्डमध्ये विद्यार्थी महिनाभराहून अधिक काळ ठाण मांडून बसले ते वसतिगृहांच्या दुरवस्थेविरुद्ध. आजच्या नेत्याला काउंटरवरच्या टोळक्याशी भिडावे लागत नाही. आपल्याच संस्थेकडे जाब मागावा लागतो, आणि ती संस्था हात दाखवते तो रिकाम्या तिजोरीकडे. ही सबब अनेकदा खरी असते. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहून त्यांच्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना तीन दशकांत किती कमी पैसा मिळाला याचा हिशेब कळवला. सर्वांत मोठी तूट टेनेसी स्टेटची होती, २०० कोटी डॉलरहून अधिक.

याच टेनेसी स्टेटने १९६१ मध्ये फ्रीडम राइडमध्ये गेलेल्या आपल्या १४ विद्यार्थ्यांना राज्य शिक्षण मंडळाच्या नियमावर बोट ठेवून काढले होते. अलाबामाच्या निकालाचा आधार घेऊन केंद्रीय न्यायालयाने त्यांना सुनावणी द्यायला लावली, तरीही सगळ्यांचे शिक्षण पुन्हा मार्गी लागले नाही. २००८ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद पदव्या देण्याचा प्रस्ताव मांडला. राज्याच्या नियामक मंडळाने तो आधी फेटाळला, टीका झाल्यावर महिन्याभरात निर्णय फिरवला, आणि त्या वर्षी पदव्या दिल्या गेल्या. त्यांपैकी काही जणांच्या पदव्या घ्यायला त्यांचे नातेवाईक आले होते.